अनुदानाच्या अटी आणि डोंगरावरची शेळी

मी पर्यावरणीय न्याय आणि अनुदानाच्या इतिहासावर काम करते असं सांगितलं, की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, "हा शब्द तर अलीकडचा, मग त्याचा इतिहास किती मागे नेणार?" पीएचडीच्या पहिल्या वर्षी मलाही याचं नीट उत्तर देता येत नव्हतं. जुन्या कागदांत 'न्याय' हा शब्द शोधत बसले आणि हाती फारसं काही लागलं नाही. मग गाईड म्हणाले, "शब्द राहू दे. पैसा कुणी दिला आणि कुठल्या अटीवर दिला, ते बघ." आज लिहितेय ते या एका वाक्याबद्दल. उदाहरणं महाराष्ट्रातलीच घेते.

सुरुवात १९७२ च्या दुष्काळापासून करू. या दुष्काळात सरकारने लाखो लोकांना कामावर घेतलं आणि त्यातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. लोकांना मजुरी मिळाली, ही मोठी गोष्ट होती. पण बांध कुठे घालायचा आणि तळं कुठे खोदायचं, हे ठरवायचं काम सरकारी खात्याकडे होतं. गावाच्या वाट्याला आलं ते हजेरीपटावरचं नाव.

याच दुष्काळात पुण्याचे इंजिनिअर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. नायगावला त्यांनी देवस्थानची सुमारे १६ हेक्टर पडीक जमीन कराराने घेतली आणि पाणी अडवण्याचे प्रयोग सुरू केले. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झालं. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीच्या उपसा योजनांचं पैशाचं गणित साधारण असं होतं: ५० टक्के सरकारी अनुदान, ३० टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज आणि २० टक्के लाभधारकांचा वाटा.

अभ्यासकाने या टक्केवारीवर थांबू नये. खरा मुद्दा पुढच्या अटींमध्ये आहे. पाणी जमिनीच्या एकरावर मिळायचं नाही, ते घरातल्या माणशी मिळायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा. या कलमांमध्ये 'न्याय' असा शब्द नसेलही, पण पाण्यावर हक्क कुणाचा, या प्रश्नाचं सरळ उत्तर त्यांत आहे.

आता थोडं पुढे, तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जाऊ. तिथे अनेक वर्षं काम केलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. प्रत्यक्ष काम १९९२ च्या सुमारास सुरू झालं. पैसा जर्मन सरकारचा, केएफडब्ल्यू या विकास बँकेमार्फत. इथली जबाबदारी नाबार्डची. आणि गावांची व संस्थांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ मध्ये 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था निघाली.

या कार्यक्रमाने पैशाची वाट बदलली. ग्रामसभेने निवडलेली पाणलोट समिती आणि मदत करणारी संस्था यांच्या संयुक्त बँक खात्यात रक्कम येऊ लागली. पण गावाला ती सहजासहजी मिळत नव्हती. आधी गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवायची. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची. मग क्षमताबांधणीच्या टप्प्यात लहान क्षेत्रावर काम करून दाखवायचं, आणि ते जमलं तर पुढचा मोठा निधी. शिवाय अकुशल मजुरीच्या खर्चापैकी १६ टक्के वाटा श्रमदानातून उचलायचा. भूमिहीन आणि एकट्या पालकाच्या गरीब घरांना यातून सूट होती.

ही सूट वाचली तेव्हा मी वहीत 'न्याय्य' असं लिहून ठेवलं होतं. नंतर तो शब्द खोडला. का, ते सांगते.

पाणलोटाचं काम माथा ते पायथा चालतं. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, झाडं, गवत. मग खाली बांधबंदिस्ती आणि नाल्यावर बंधारे. माथ्यावर जिरलेलं पाणी दिसतं पायथ्याच्या विहिरीत. विहीर ज्याच्या जमिनीत, पाणी त्याचं. आणि माथ्यावर काय असतं? गायरान आणि वनजमीन. तिथे शेळ्या-मेंढ्या कुणाच्या चरतात? बहुतेक करून ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे, त्यांच्या.

म्हणजे भूमिहीनाला श्रमदान माफ झालं, पण चराईबंदी माफ होऊ शकत नव्हती. ती सगळ्यांना सारखीच लागू होती आणि म्हणूनच तिचा भार सारखा नव्हता. बागायतदाराला चार वर्षं डोंगर बंद राहिल्याने फारसा फरक पडत नाही. पाच शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला शेळ्या विकाव्या लागू शकतात. काम चालू असेपर्यंत तिला चर खोदायची मजुरी मिळते. काम संपलं की मजुरी थांबते, विहीर मात्र भरलेलीच राहते.

हा नुसता माझा तर्क नाही. जॉन केर, गणेश पांगारे आणि वसुधा लोकूर-पांगारे यांनी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातल्या पाणलोट प्रकल्पांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. लोकसहभागावर भर देणारे प्रकल्प इतर प्रकल्पांपेक्षा सरस ठरले, असं त्यात दिसलं. पण सामायिक जमिनीवर अवलंबून असलेल्या गरिबांना झळ सोसावी लागली, हेही त्यातून पुढे आलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कार्यक्रम यशस्वी की अयशस्वी, असा एकच शिक्का मारायची घाई केली, तर यातली एक गोष्ट आपल्या हातून निसटते.

पाणी पंचायतीशी तुलना इथे उपयोगी पडते. दोन्हीकडे अनुदान, दोन्हीकडे लोकांचा वाटा. पण पाणी पंचायतीने अडवलेल्या पाण्यावर कुणाचा हक्क, हे आधीच ठरवलं. पाणलोट कार्यक्रमात कामात कोण सहभागी होणार, हे बारकाईने ठरलं; विहिरीत वाढलेल्या पाण्याची मालकी जुन्याच पद्धतीवर राहिली. सहभाग आणि न्याय यांतला फरक मला पुस्तकापेक्षा या दोन अटीपत्रकांतून जास्त कळला.

पुढची कहाणी आजच्या अभ्यासाशी जोडलेली आहे. पाणलोटाचं हे प्रारूप देशभर नेण्यासाठी १९९९-२००० मध्ये नाबार्डकडे २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभा राहिला. २०१२ मध्ये नाबार्डला आंतरराष्ट्रीय अनुकूलन निधीसाठी, तर २०१५ मध्ये हरित हवामान निधीसाठी मान्यता मिळाली. कालपर्यंत दुष्काळ निवारण म्हणून होणारी बरीच कामं आता हवामान बदलाशी जुळवून घेण्याची कामं म्हणून मांडली जातात. चर तेच, बंधारे तेच. त्यामुळे जुना प्रश्नही तोच राहतो: माथा बंद केल्याची किंमत कोण मोजतं, आणि प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात त्या किमतीसाठी रकाना आहे का?

तुम्ही अशा विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर प्रकल्पाच्या अंतिम अहवालापासून सुरुवात करू नका. त्यात हेक्टर आणि विहिरींची पातळी भेटते. आधी मंजुरीचं पत्र आणि अटी वाचा. मग ग्रामसभेच्या ठरावाचं प्रोसिडिंग बघा: चराईबंदीच्या ठरावाला कोण हजर होतं, सह्या कुणाच्या, अंगठे कुणाचे. मग हजेरीपट. आणि शेवटी गावात जाऊन समितीच्या अध्यक्षांना भेटाच, पण त्या दिवशी परतू नका. ज्यांच्या शेळ्या होत्या त्यांचं घर विचारा आणि तिथे बसा. कागदात ज्याला रकाना नाही, तो हिशेब तिथे तोंडपाठ असतो.

माझ्या वहीत त्या खोडलेल्या शब्दाशेजारी आता एक प्रश्नचिन्ह आहे. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथूनच सुरू होतं.