विडी घरकुल (सोलापूर)

सोलापूर शहरातील विडी, यंत्रमाग व अन्य असंघटित कामगारांसाठी सरकारी अनुदान, बँकेचे कर्ज आणि कामगारांचा स्वतःचा हिस्सा यांतून उभ्या राहिलेल्या मालकी हक्काच्या वसाहती. शहराच्या पूर्व भागातील जुने विडी घरकुल, कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर) येथील गोदूताई परुळेकर वसाहत व कामगार नेत्या मीनाक्षीताई साने यांच्या नावाची वसाहत आणि त्याच परिसरातील रे नगर या त्यांतील प्रमुख होत. भाड्याची खोली किंवा झोपडी सोडून कमी उत्पन्नाचे कुटुंब घरमालक कसे होते, याचे महाराष्ट्रातील हे एक मोठे उदाहरण मानता येईल. गरिबाने एकट्याने बचत करून घर घेण्याऐवजी कामगार संघटना व सहकारी संस्था यांनी एकत्र जमीन, अनुदान व कर्ज मिळवायचे, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी : १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाल्यापासून सोलापूर हे कापडगिरण्यांचे शहर म्हणून वाढले. गिरण्यांनी बांधलेल्या चाळींत कामगारांना निवारा मिळाला, पण तो नोकरीशी बांधलेला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुरुषांचा रोजगार यंत्रमागांकडे वळला. घरातील स्त्रिया विड्या वळून संसार चालवू लागल्या. पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबांत आणि इतर श्रमिक समाजांतही हे चित्र सर्रास दिसे. विडी कामगार स्त्री कारखान्यातून पान व तंबाखू घरी आणते आणि वळलेल्या विड्या परत नेऊन देते. मजुरी दर हजार विड्यांमागे ठरते. त्यामुळे दहा बाय दहाची भाड्याची खोली हीच तिची कामाचीही जागा असते. तंबाखूची धूळ, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि झोप हे सारे एकाच खोलीत चालते. या स्त्रियांच्या दृष्टीने घर मोठे होणे म्हणजे कामाची जागाही सुधारणे होते.

कायद्याचा आधार : विडी कामगार घरी बसून काम करत असले, तरी कायद्याने त्यांची नोंद ठेवली जाते आणि घरकुलाच्या वाटेवर हीच नोंद उपयोगी पडली. विडी व सिगार कामगार (रोजगाराच्या अटी) अधिनियम, १९६६ याने त्यांच्या सेवाशर्ती ठरवल्या. १९७६ च्या कायद्यांनी विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला आणि त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या व घरबांधणीसाठी साहाय्य देण्यात येऊ लागले. १९७७ पासून या उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. ओळखपत्र आणि फंडाचे खाते असलेल्या बाईला आपण कामगार आहोत हे सिद्ध करता येते. रोखीने आठवड्याचा पगार घेणाऱ्या यंत्रमाग कामगाराला किंवा कचरावेचक स्त्रीला हे तितके सोपे नसते. कल्याण निधी ज्यावर उभा होता, तो विड्यांवरील उपकर वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर २०१७ मध्ये रद्द झाला.

गोदूताई परुळेकर वसाहत : वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे नाव या वसाहतीला दिले आहे. सिटू या डाव्या कामगार महासंघाशी संलग्न विडी कामगार संघटना आणि तिचे नेते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम, यांच्या पुढाकाराने सहकारी तत्त्वावर १०,००० घरांची योजना आखली गेली. मोर्चे, निवेदने आणि मंत्रालयापासून दिल्लीपर्यंतचे हेलपाटे अशा दीर्घ पाठपुराव्यानंतर तिला मंजुरी मिळाली. एका घराचा खर्च ६०,००० रुपये धरला होता. त्यापैकी २०,००० केंद्राने, २०,००० राज्याने आणि २०,००० रुपये कामगाराने द्यायचे अशी विभागणी होती. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे हस्तांतरण झाले. लाभार्थी ठरण्यासाठी विडी कामगार असणे आवश्यक होते आणि विडी कामगार बहुतांशी स्त्रियाच असल्याने घरे मुख्यतः त्यांच्या नावावर झाली. मालमत्तेच्या कागदावर बाईचे नाव येणे ही बहुतेक कुटुंबांत पहिलीच वेळ होती.

रे नगर : पुढच्या योजनेत विडी कामगारांबरोबर यंत्रमाग व हातमाग कामगार, फेरीवाले, रिक्षाचालक, कचरावेचक अशा असंघटितांना सामावून घेण्यात आले. सुमारे ३६५ एकरांवर ३०,००० सदनिका, प्रत्येक इमारतीत ३६ घरे आणि प्रत्येक घराचे चटई क्षेत्र सुमारे ३०० चौरस फूट, असे तिचे स्वरूप आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या फेडरेशनमार्फत ती राबवण्यात आली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) ‘भागीदारीतील परवडणारी घरे’ या घटकात तिचा समावेश झाला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ९ जानेवारी २०१९ रोजी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५,००० घरांचे लोकार्पण केले. डाव्या संघटनेने मागणी करायची आणि वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी ती पुरी करायची, असा हा प्रवास आहे. त्यातले अवघडलेपणही लपले नाही. पायाभरणीच्या समारंभात पंतप्रधानांची स्तुती केल्यावरून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने आडम यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले होते.

अर्थकारण : रे नगरचा प्रकल्प खर्च १,८११.३३ कोटी रुपये जाहीर झाला होता आणि त्यात केंद्र व राज्य यांचे साहाय्य ७५० कोटींचे होते. म्हणजे घरटी सरासरी खर्च सुमारे सहा लाख. त्यात केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख अनुदान वजा केले, की साधारण साडेतीन लाखांचा भार उरतो. तो लाभार्थीने आपला हिस्सा भरून आणि कर्ज काढून उचलायचा असतो. उदाहरणार्थ, तीन लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २,७०० रुपये पडतो आणि मुदतीअखेर जवळजवळ साडेसहा लाख रुपये फेडावे लागतात. मजुरी रोजच्या रोज किंवा आठवड्याला मिळते, हप्ता मात्र महिन्याच्या ठराविक तारखेला जातो. पावसाळ्यात काम मंदावले किंवा घरात आजारपण आले, की ओढाताण सुरू होते. अशा वेळी बचत गट, भिशी, भविष्यनिर्वाह निधीतून घरासाठी मिळणारी उचल आणि शेवटी अंगावरचे सोने यांचा आधार घेतला जातो.

पात्रता व मालकी : २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असावे आणि देशात कुठेही पक्के घर नसावे, अशा अटी होत्या. उत्पन्नासाठी स्वयंघोषणापत्र चालत असे. घर कुटुंबातील स्त्रीच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर असणे हा सर्वसाधारण नियम होता. महाराष्ट्रात या योजनेतील दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या पहिल्या दस्तासाठी मुद्रांक शुल्क १,००० रुपये ठेवले होते. ताबा मिळाल्यावर करारनाम्याची नोंदणी, गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व व भागप्रमाणपत्र, घरपट्टी व वीजमीटर आपल्या नावावर करून घेणे आणि कर्ज फिटल्यावर बँकेकडून मूळ कागदपत्रे परत घेणे, हे टप्पे उरतात. त्यांत चालढकल झाली, तर वारस नोंदीच्या वेळी घोळ होतो.

ताबा मिळाल्यानंतर : कुंभारी हे अक्कलकोट रस्त्यावरचे गाव महापालिका हद्दीबाहेर आहे. जमीन तिथे स्वस्त मिळाली म्हणूनच घर आवाक्यात आले. त्याच कारणाने पाणी, बस, दवाखाना व शाळा यांसाठी रहिवाशांना पुन्हा मागण्या कराव्या लागल्या. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला आणि शहरात धुणीभांडी करणाऱ्या बाईला रोजच्या प्रवासाचा खर्च पडतो. विडी कामगार स्त्रीचे काम मात्र घरातच चालते. पान-तंबाखूची ने-आण जवळपास होऊ शकली, की ती नव्या वसाहतीत लवकर रुळते. गोदूताई वसाहतीत लोकांनी पुढेमागे खोल्या वाढवल्या, किराणा व शिवणकाम सुरू केले. रे नगरच्या सदनिकांत अशी वाढ शक्य नाही. तिथे जिना, टाकी, पंप व सांडपाणी यांचा मासिक खर्च एका इमारतीतल्या ३६ कुटुंबांनी मिळून उचलायचा असतो. चाळीत दुरुस्तीसाठी घरमालकाला बोल लावता येत असे, आता निर्णय व वर्गणी दोन्ही सभासदांकडेच आहेत.

तुलना : सिंगापूरमध्ये १९६४ पासून सरकारने बांधलेली घरेच रहिवाशांना विकत देण्याचे धोरण आले आणि पुढे हप्ते भरण्यासाठी त्यांना भविष्यनिर्वाह निधी वापरता येऊ लागला. ब्रिटनमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या घरांतील भाडेकरूंना ती घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. त्यातून अनेक कुटुंबे मालक झाली, पण भाड्याच्या सार्वजनिक घरांचा साठा आटला. मुंबईत १९२० च्या दशकातील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळते, कारण उरलेल्या जागेला मिळणारा भाव तो खर्च भरून काढतो. सोलापुरात जागेला असा भाव नाही. विकता येण्याजोगा सरकारी घरांचा मोठा साठाही इथे नव्हता. त्यामुळे घरमालक होण्याची किंमत अनुदान, कर्ज आणि शहरापासूनचे अंतर अशा तीन रूपांत भागवावी लागली. यापुढील योजनांनी पाणी व वाहतूक यांची तरतूद घराच्या किमतीइतक्याच काटेकोरपणे आधी केली, तर तिसऱ्या रूपातला बोजा कमी होऊ शकेल. घर भाड्याने देऊन पुन्हा शहरातल्या खोलीत राहायला जाण्याची वेळही मग लाभार्थीवर येणार नाही.