विशेष शिक्षक

विशेष शिक्षक : दृष्टी, श्रवण, बौद्धिक वा अध्ययनविषयक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना शिकविण्याचे प्रमाणित प्रशिक्षण घेतलेला अध्यापक.

उगम : एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईत कर्णबधिरांसाठी व १९०० मध्ये अंधांसाठी शाळा निघाली. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ मध्ये, तर मिठू अलूर यांची स्पॅस्टिक्स सोसायटी १९७२ मध्ये स्थापन झाली (पहा : समावेशक शिक्षण).

पात्रता : विशेष शिक्षणातील पदविका किंवा बी.एड. आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव. परिषदेचा अधिनियम १९९२ चा आहे.

कार्य : प्रत्येक मुलाचे मूल्यमापन करून वैयक्तिक शैक्षणिक आराखडा आखणे. कौशल्य लहान पायऱ्यांत शिकवितात : हात धुण्यासाठी नळ उघडणे, हात भिजविणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे, एक पायरी पक्की झाल्यावर पुढची. ब्रेल व सांकेतिक भाषा ही अन्य साधने (पहा : ब्रेल लिपी).

शालेय नेतृत्व : अनुभवी विशेष शिक्षक मुख्याध्यापक होतात. वाचोपचार व भौतिकोपचार तज्ज्ञांशी समन्वय, पालकांचे समुपदेशन, अडथळामुक्त इमारत, शासकीय मान्यता व अनुदान ही कामे त्यांच्याकडे असतात.

महत्त्व : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, ६ ते १८ वर्षांच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वसाधारण शाळांत अशा दहा प्राथमिक किंवा पंधरा उच्च प्राथमिक विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरले आहे.