गणेशखिंडीतील लाटसाहेबांचा बंगला

एखाद्या वास्तूचा इतिहास सांगताना ती कोणी बांधली एवढे सांगून थांबण्याचा आपला प्रघात आहे. परंतु तिच्या दारातून आत कोण गेले आणि बाहेर कोण राहिले, असे विचारले म्हणजे समाजाचा इतिहास बोलू लागतो.

ज्या गणेशखिंडीच्या परिसरात १८१७ साली पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली, तेथेच १८६४ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी पावसाळी मुक्कामासाठी प्रासाद उभारावयास घेतला. त्या वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. बंगल्याचे काम मात्र चालूच राहिले व १८७१ साली पुरे झाले. या उधळपट्टीवर विलायतेच्या पार्लमेंटातही टीका झाली.

पुढे १८९७ साल उजाडले ते प्लेगचे सावट घेऊन. घरांच्या झडत्यांनी पुणेकर गांजून गेले होते. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांचे देहावसान झाले. आणि २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून, हाच बंगला समारंभाने गजबजला! तेथून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. चापेकर फासावर गेले.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि लाटसाहेबांची ही वास्तू त्याच्या वाट्याला आली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. आमंत्रणावाचून जेथे पाऊल टाकता येत नव्हते, तेथे शेतकऱ्याची मुले पदवी घेऊ लागली. २०१४ साली तर विद्यापीठाला सावित्रीबाईंचेच नाव देण्यात आले. ज्या वर्षी लाटसाहेबांच्या घरी दिवे लागले, त्याच वर्षी प्लेगने गेलेली ही शिक्षिका त्या घराची धनीण झाली!

परंतु नाव बदलल्याने काम संपत नाही. प्रवेशाची फी भरता न आल्याने एखादी मुलगी त्या दारातून परत फिरली, तर ते दार पुन्हा लाटसाहेबांचेच झाले असे समजावे. त्या दाराची राखण आता आपणा नागरिकांकडे आहे.