पोडोसाइट म्हणजे काय? किडनीची गाळणी धरून ठेवणारी प्रोटीन्स कसं काम करतात?

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. म्हणजे पाण्याचे २० लिटरवाले ९ जार! त्यातलं बहुतेक पाणी रक्तात परत जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर. मग रक्तातलं प्रोटीन वाहून का जात नाही? उत्तर आहे पोडोसाइट.

पोडोसाइट काय करतात?

प्रत्येक किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात. त्यातल्या रक्तवाहिन्यांना पोडोसाइट पेशी बाहेरून मिठी मारून बसतात. फोन बाजूला ठेवा आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सैलसर गुंफा. शेजारच्या पोडोसाइटचे पाय असेच गुंफलेले असतात. मधल्या फटीतून पाणी जातं, पण अल्ब्युमिन हे प्रोटीन आत अडतं.

पकड कोण धरतं?

- नेफ्रिन: समोरासमोरच्या पायांमधून निघून एकमेकांना चेनसारखं अडकतं. याचा जीन १९९८ मध्ये सापडला. त्यात बिघाड असेल तर बाळाच्या लघवीतून जन्मापासूनच प्रोटीन जातं.
- पोडोसिन: नेफ्रिनला जागेवर ठेवतं.
- इंटिग्रिन: पेशीला खालच्या पडद्याला घट्ट धरून ठेवतं.

ही प्रोटीन्स नुसता गोंद नाहीत. 'सगळं ठीक आहे' असा सिग्नलही ती पेशीला देतात, त्यामुळे पायांचा आकार टिकतो.

पकड सुटली तर?

डायबेटीस, हाय बीपी किंवा काही आजारांत हे पाय चपटे होतात, पेशी सुटून लघवीत जातात. मोठ्या झालेल्या पोडोसाइट सहसा विभागत नाहीत, त्यामुळे गेलेल्या पेशीची जागा भरून निघणं कठीण. म्हणूनच लवकर कळणं महत्त्वाचं.

पनवेलशी काय संबंध?

पनवेल तालुक्यात खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं 'ॲक्ट्रेक' आहे. तिथे डेस्मोसोम या पेशींना जोडणाऱ्या रचनेवर संशोधन झालंय. विषय कॅन्सरचा, किडनीचा नाही. पण मूळ प्रश्न सारखाच. पकड सुटली की कॅन्सरची पेशी पसरू शकते, पोडोसाइट मात्र वाहून जाते.

तुम्ही काय कराल?

लघवीला सतत फेस येणं, डोळ्यांभोवती किंवा पायांना सूज ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांना दाखवा. पण सुरुवातीला बहुतेकदा काहीच जाणवत नाही. घरात आई-बाबांना डायबेटीस किंवा बीपी असेल तर त्यांची वर्षातून एकदा 'एसीआर' ही लघवीची टेस्ट करून घ्या. रिपोर्टमध्ये आकडा ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी असेल तर नॉर्मल. जास्त आला तर घाबरू नका. ताप किंवा जोरदार व्यायामानेही तो वाढतो, म्हणून डॉक्टर टेस्ट पुन्हा करायला सांगतात. आणि पेनकिलर मनाने रोज घेऊ नका.

आज रात्री फोनमध्ये त्यांच्या टेस्टचा रिमाइंडर तेवढा लावून टाका.