डोंबिवलीची संख्या

पेणकरपाड्यात आमच्या शेजारी राहणारा सहावीतला मुलगा एकदा हिरमुसून आला. नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग किती, असे त्याने शिकवणीत विचारले होते. ‘परीक्षेला येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. त्याच्या आठ आकड्यांच्या कॅल्क्युलेटरमध्ये नववा एक मावेना. मग गॅलरीत बसून आम्ही हातानेच गुणाकार मांडला. एकाखाली एक ओळ, दर ओळ एक घर डावीकडे. बेरीज आली १२३४५६७८९८७६५४३२१. ‘रामाला भाला मारा’ जसे उलटसुलट सारखेच वाचता येते, तशीच ही सतरा आकडी संख्या.

यात जादू नाही. उभ्या रांगांत एक, दोन असे करत मधोमध नऊ एक येतात आणि कुठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले, की मधल्या रांगेत दहा होतात, हातचा धरावा लागतो आणि डौल मोडतो. आणखी एक गंमत: या संख्येतल्या आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ने तिला नि:शेष भाग जातो.

अशा, आपल्याच आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिले. जन्म डहाणूचा, १९०५चा. शाळा ठाण्यात, कॉलेज फर्ग्युसन. १९३०पासून १९६२पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते. आमच्या सतरा आकडी संख्येच्या कुळाला त्यांनी ‘डेमलो’ म्हटले. डेमलो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचे आजचे डोंबिवली स्टेशन. हा विचार त्यांना तिथे सुचला होता. १९३८ साली त्यांनी या संख्यांवर लेख छापला.

असल्या आकड्यांचे कौतुक जुनेच. नवव्या शतकात महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ ही संख्या भेटते. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ १५८७ साली फारसीत नेली ती अकबराच्या दरबारातल्या फैजी या कवीने. आकड्यांच्या नादी लागणारा मी काही पहिला कवी नव्हे!

कापरेकरांचे काम मात्र आपल्याकडच्या अनेक विद्वानांना पोरखेळ वाटले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. मास्तर तोवर सत्तरीचे झाले होते. १९८६ साली ते गेले.

परीक्षेला न येणारा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही. म्हणून तर आपल्या लोकलचे एक स्टेशन जगाच्या गणितात जाऊन बसले. हे सांगितल्यावर मुलाने विचारले, ‘‘चाचा, आपल्या पेणकरपाड्याची संख्या कुठली?’’

म्हटले, ‘‘अजून कोणी शोधलेली नाही. पेन्सिल घे.’’