ढेकूण आणि भाडेकरू

संस्कृत भाषेंत ढेकणाला ‘मत्कुण’ असें भारदस्त नांव आहे. पण नांवामुळें त्या जिवाची पत कांहीं वाढलेली नाहीं. घरांत उंदीर झाले तर गृहिणी शेजारणीपाशीं मोठ्यानें तक्रार करते. ढेकूण झाले तर कुजबुजते. या कुजबुजण्याचा इतिहास जुना आहे, आणि त्याचा संबंध स्वच्छतेपेक्षां घरभाड्याशीं अधिक आहे.

प्रथम या प्राण्याची राहणी पाहावी. ढेकणाला पंख नाहींत. तो रात्रीं रक्त पितो व दिवसां खाटेच्या सांध्यांत, भिंतीच्या भेगेंत किंवा तसबिरीच्या मागें दडून बसतो. मादी आपल्या आयुष्यांत सुमारें २०० अंडीं घालते. पिलाला वाढतांना पांच वेळां कात टाकावी लागते व प्रत्येक वेळीं त्याआधीं रक्त प्यावें लागतें. अन्न न मिळालें तरी मोठा ढेकूण कित्येक महिने तग धरतो. केर, उष्टें-खरकटें यांची त्याला गरज नाहीं. माणूस आणि फट या दोनच गोष्टी त्याला पुरतात. वाडा आणि झोपडी हा भेद तो जाणत नाहीं. मात्र जेथें घर जुनें आणि दुरुस्ती दुर्मिळ, तेथें फटी मुबलक असतात.

मुंबईच्या चाळींत या दोहोंपैकीं कशाचीच वाण पडली नाहीं. १८९६ सालीं प्लेग आला, १८९८ च्या कायद्यानें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९२० नंतर डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें काँक्रीटच्या चाळी उठविल्या. या सरकारी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, आणि एका मजल्यावर अशा २० खोल्या. जुन्या खासगी चाळींची स्थिति याहून बरी नव्हती. रविवारीं खाटा गॅलरींत येत, सांध्यांत आधणाचें पाणी ओतलें जाई, रॉकेलचा बोळा फिरे, गाद्या उन्हांत पडत. उपाय कांहीं खोटे नव्हते. कढत पाणी अंगावर पडल्यावर ढेकूण वांचत नाहीं. पण पाणी खाटेपर्यंत पोंचे, भिंतीच्या पोटांत नव्हे. एका बिऱ्हाडानें मोहीम काढली कीं ढेकूण फटींतून शेजारीं जात; शेजाऱ्यांनीं काढली कीं परत येत. शेजारधर्माचा हा एक प्रकार फार इमानानें पाळला जाई.

बरें, खोली सोडून जावें तर जागा कोठें होती? युद्धकाळांतील भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा १९१८ सालीं आला, आणि १९४७ च्या कायद्यानंतर भाडीं जणूं गोठून गेलीं. मालक म्हणे, एवढ्या भाड्यांत दुरुस्ती परवडत नाहीं. आणि भाडेकरूला दुसरी खोली पागडीवांचून मिळत नसे. वास्तविक इमारत राहण्याजोगी ठेवण्याचें कर्तव्य त्या कायद्यानें मालकावर टाकलें होतें. नोटीस देऊनही त्यानें दुर्लक्ष केलें, तर भाडेकरूंनीं स्वतः दुरुस्ती करून खर्च ठराविक मर्यादेपर्यंत भाड्यांतून वजा करावा, अशीही सोय होती. भिंतीच्या भेगा बुजविण्यास हा मार्ग उपयोगी पडता. पण त्यासाठीं सर्व बिऱ्हाडांनीं एकत्र येऊन, आपल्या घरांत ढेकूण आहेत, हें एकमेकांसमोर कबूल करावयास हवें होतें. घरांत लग्नाची मुलगी असलेला गृहस्थ तें कसें कबूल करणार?

ही लाज आपल्याच देशाची नव्हे. लंडनमध्यें १७३० सालीं जॉन साउथॉल नांवाच्या गृहस्थानें ढेकणांवर एक पुस्तक काढलें, आणि जमैकांतील एका वृद्ध कृष्णवर्णी माणसाकडून मिळविलेल्या औषधी पाण्याची जाहिरातही त्यांतच उरकून घेतली. पुढें १९३० नंतर तेथील गलिच्छ वस्त्या पाडून नगरसंस्था नवीं घरें बांधूं लागल्या, तेव्हां ढेकूणही माणसांबरोबर बिऱ्हाड हलवितील अशी धास्ती पडली. १९३४ सालीं ब्रिटिश आरोग्य मंत्रालयानें या प्रश्नावर स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला. पुष्कळ ठिकाणीं कुटुंबाचें सामान बंद गाडींत घालून त्यावर हायड्रोजन सायनाइड हा जहाल वायु सोडीत, अंथरुणें वाफेनें शुद्ध करीत, आणि मगच तें नव्या घरांत उतरूं देत. आपलें कपाट अशा गाडींत चढतांना सारी आळी पाहत आहे, हें कोणाला रुचेल? तथापि येथें सर्वांनाच एक नियम लावला जाई, आणि खर्च व खटपट एकट्या बिऱ्हाडाच्या माथीं बसत नसे. १९३६ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें अशा घराच्या ‘मालकाला किंवा रहिवाशाला’ ढेकूण नाहींसे करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. या ‘किंवा’ शब्दांतच सारें भांडण सांठविलेलें आहे.

कांहीं काळ हें भांडण मिटल्यासारखें वाटलें. १९३९ सालीं स्वित्झर्लंडमध्यें पॉल म्यूलर यांना डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण आढळला, व १९४८ सालीं त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. भिंतीवर एकदां फवारलेलें हें औषध महिनेच्या महिने टिके. फटींतून ढेकूण आज निघो वा पंधरा दिवसांनीं, तो मरे. पण पारितोषिकाच्या आधींच, १९४७ सालीं, हवाई बेटांतील पर्ल हार्बरच्या बराकींत या औषधाला न जुमानणारे ढेकूण सांपडले होते. पुढें हिवतापाविरुद्ध घरोघर फवारणी सुरू झाली, तेव्हां कित्येक देशांत लोकांनीं प्रथम तिचें स्वागत केलें तें डांसांपेक्षां ढेकूण मेले म्हणून. आणि ते मरेनासे झाल्यावर फवारणीवाल्यांना दारें बंद होऊं लागलीं.

इसवी सन २००० च्या सुमारास अमेरिका व यूरोप येथें ढेकूण पुनः जोरानें पसरले, आणि जुना प्रश्न परत आला: खर्च कोणी करावयाचा? फ्रान्सनें २०१८ सालीं कायदाच केला कीं, भाड्यानें द्यावयाचें घर कीटकांच्या उपद्रवापासून मुक्त असलें पाहिजे. न्यूयॉर्क शहरासाठीं २०१० सालीं झालेला नियम अधिक बारकाईचा आहे. तेथें नव्या भाडेकरूला मालकानें एक कागद द्यावयाचा असतो. गेल्या वर्षभरांत इमारतींत ढेकूण झाले होते काय, कोणत्या मजल्यावर झाले, आणि त्यांवर उपाय केला कीं नाहीं, हें त्यांत लिहावें लागतें. आणि त्याखालीं सही मालकाचीही असते.