पुंगळी : काढण्याचा आणि परत बसवण्याचा इतिहास

मोटरसायकलच्या ज्या भागाला इंग्रज ‘सायलेन्सर’ आणि अमेरिकन ‘मफलर’ म्हणतात, त्याला मराठी बोलीने आपल्याजवळचे जुनेच नाव दिले : पुंगळी. पहिली दोन नावे त्या भागाचे काम सांगतात. मराठी नाव त्याचा आकार तेवढा सांगते. आज ‘पुंगळी काढलेली गाडी’ म्हटले की अपरात्री गल्ली दणाणून सोडणारी बुलेट आठवते, आणि पाठोपाठ जप्त केलेल्या पुंगळ्यांवरून फिरवलेला पोलिसांचा रोडरोलर. परंतु घरच्या अंगणात पुंगळी काढण्याची रीत या दणदणाटाहून जुनी आहे, आणि तिचा हेतू नेमका उलट होता. पुंगळी काढली जाई ती परत बसवण्यासाठी.

इंजिनातून जळका वायू एकसंध प्रवाहाने बाहेर पडत नाही. तो दाबाच्या धक्क्यांनी पडतो. मोकळ्या हवेत सुटलेला असा प्रत्येक धक्का म्हणजे एक लहानसा स्फोट. त्याला कप्प्यांतून, भोके पाडलेल्या नळ्यांतून फिरवून थकवायचे, हे पुंगळीचे काम. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी अशा साधनाचे पेटंट १८९७ मध्ये घेतले. पुढे १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्झिम याने बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि तेच तत्त्व इंजिनांनाही लावले. त्याचे वडील म्हणजे १८८४ साली मशीनगन तयार करणारे मॅक्झिम. बापाने स्फोटांची गती वाढवली, मुलाने त्यांचा आवाज कमी केला.

आपल्याकडे पुंगळी घरोघरच्या मालकांच्या हाती आली ती टू-स्ट्रोक इंजिनांमुळे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी जावा गाड्या बनवायला घेतल्या. १९७३ पासून त्याच ‘येझदी’ नावाने निघू लागल्या. एक सिलिंडर आणि दोन्ही बाजूंना एकेक पुंगळी, असे त्यांचे रूप. राजदूतही याच कुळातली. या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. ते पूर्ण जळत नसे. उरलेले तेल काजळी होऊन नळीत आणि पुंगळीच्या आतल्या जाळीवर थर धरी. काही हजार किलोमीटरांनंतर वायूची वाट अरुंद होई, चढावर गाडी दम टाकी, पेट्रोल जास्त पिई.

मग रविवारी सकाळी पाने निघत. सिलिंडरपाशी नळी धरून ठेवणारी आटेदार कडी उष्णतेने घट्ट धरलेली असे. तिच्यावर रॉकेल सोडून वाट पाहावी लागे, कारण घाईने आटे गेले तर दुरुस्ती सिलिंडरपर्यंत पोहोचे. आतली जाळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत पडे, किंवा सरळ जाळून तिची काजळी झटकली जाई. पुन्हा बसवताना खरी परीक्षा. सांध्यातली वळी नवी हवी. सगळे बोल्ट आधी सैल अडकवायचे, मग सिलिंडरकडचा सांधा आवळायचा आणि शेवटी मागचे. क्रम उलटला तर नळी ताणलेली राहते आणि कंपनांनी कालांतराने तिला चीर जाते. हे ज्ञान कुणी शाळेत शिकवले नाही. वडिलांनी किंवा शेजारच्या काकांनी पाना हातात देऊन ते पुढच्या पिढीला दिले.

टू-स्ट्रोकची पुंगळी ही केवळ आवाजाची झाकणी नव्हे, हेही या संदर्भात ध्यानात घ्यायला हवे. पूर्व जर्मनीतील एम-झेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात तिचा आकार असा घडवला, की परतणारी दाबलहर बाहेर निसटू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला पुन्हा सिलिंडरमध्ये ढकले. त्यांचा स्पर्धक चालक अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान सुझुकीकडे गेले. पुढच्याच वर्षी तो सुझुकीवर ५० सीसी गटात जगज्जेता ठरला. अशी पुंगळी उडवून टाकणारा आवाज मिळवतो आणि ताकद गमावतो.

१९८५ हे वर्ष आपल्याकडचा दुवा म्हणावे लागेल. त्या वर्षी दोन शंभर सीसी गाड्या आल्या. हिरो होंडाची सीडी १०० फोर-स्ट्रोक होती. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा आशयाची तिची जाहिरात गाजली. दुसरी यामाहाची आरएक्स १००. टू-स्ट्रोक, चपळ, तरुणांच्या गळ्यातला ताईत. पहिलीने पुंगळी साफ करण्याची गरजच संपवली. दुसरीच्या कित्येक मालकांनी साफसफाईसाठी काढलेली जाळी परत बसवलीच नाही, कारण तिच्यावाचून निघणारा कर्कश सूर त्यांना आवडला. देखभालीतली एक मधली पायरी अशी शेवटची पायरी झाली. १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली, जावाचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. आवाजाची हौस मात्र बुलेटवर जाऊन बसली, जिच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला त्या साफसफाईची गरज नव्हतीच.

कायद्याने या हौसेला कधी मान्यता दिली नव्हती. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर अनिवार्य आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर ध्वनी आणि धुराच्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. तिकडे २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर हे नळी-पुंगळीच्या रचनेचेच भाग झाले आहेत. घरी पाना लावण्याचा अवकाश यंत्रानेच आक्रसून टाकला.

पूर्वीच्या पिढीला हौस नव्हती असे मुळीच नाही. परंतु पुंगळीच्या आत काय आहे हे तिने काजळीने हात भरून पाहिले होते, आणि म्हणून ती परत का बसवायची हेही तिला ठाऊक होते. आज बाजारातून दुसरी पुंगळी आणून बसवणाऱ्याला आत पाहावेच लागत नाही. त्याच्यापुढे फक्त आवाज उरतो. आणि तो आवाज झोपलेले मूल, आजारी म्हातारा, अभ्यासाला बसलेली मुलगी अशा सगळ्यांच्या घरात न विचारता शिरतो. रोडरोलरने पुंगळ्या चिरडता येतात. काढलेली वस्तू जागेवर परत बसवण्याची सवय मात्र त्याने लागत नाही. ती शेजारी उभे राहून, हातात पाना देऊनच लावावी लागते.